विरघळण्याचा जमाखर्च

अकबर बादशहाच्या राज्यकारभाराची इत्थंभूत हकीकत ज्या ग्रंथात अबुल फज्लने नमूद करून ठेवली, त्या ‘आईन-इ-अकबरी’त टांकसाळ, मुदपाकखाना, फीलखाना अशा खात्यांच्या बरोबरीने आबदारखान्याचाही स्वतंत्र मजकूर आहे, आणि बादशहाचे पिण्याचे पाणी गार कसे करीत याची जी तजवीज तेथे सांगितली आहे ती इतकी नेमकी आहे, की चारशे वर्षांनंतर आजही ती वाचून कोणाही जिज्ञासूला तो प्रयोग मांडता यावा. कथील, चांदी किंवा अशाच एखाद्या धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तिचे तोंड बंद करावे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर सोरा टाकावा. आणि त्या मिश्रणात ती सुरई सुमारे पाव तास फिरवीत ठेवावी, म्हणजे आतील पाणी गार होते. ज्या सोऱ्याच्या योगाने बंदुकीची दारू भडकून प्रचंड उष्णता बाहेर पडते, त्याच सोऱ्याने पाणी थंड व्हावे, या विरोधाची नोंदही अबुल फज्लने आवर्जून केली आहे. ही युक्ती एकट्या हिंदुस्थानालाच अवगत होती असे नाही. रोम शहरी राहणाऱ्या ब्लास द व्हिलाफ्रांका या स्पॅनिश वैद्याने १५५० साली मद्य गार करण्याची हीच रीत छापून प्रसिद्ध केली होती. पण सोरा गार का करतो, या प्रश्नाचे उत्तर ना आग्र्याच्या आबदाराजवळ होते, ना रोमच्या वैद्याजवळ. आणि ते पुरते हाती यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

आबदारखान्याच्या त्या कृतीचा आजच्या मापांनी हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला जी उष्णता लागते तिला आपण एक कॅलरी म्हणतो. आणि एक ग्रॅम सोरा भरपूर पाण्यात विरघळताना सुमारे ८२ कॅलरी उष्णता आसपासच्या पाण्यातून ओढून घेतो. १०० भाग पाण्यात १६ भाग सोरा घातला असता तापमान १३ अंशांवरून ३ अंशांवर, म्हणजे १० अंश खाली येते, असे प्रयोगशाळेतील मोजमाप आहे. अबुल फज्लचे प्रमाण याच्या तिपटीहून अधिक, म्हणजे १०० भाग पाण्याला ५० भाग सोरा असे होते. परंतु तो सगळाच कामी येत नसे, कारण ३० अंश उष्णतेच्या पाण्यात १०० भागांस फार तर ४६ भाग सोरा सामावतो, आणि पाणी जसजसे गार होत जाईल तसतशी ही मर्यादाही खाली उतरून १५ अंशांच्या सुमारास २६ भागांवर येते. अर्थात अडीच शेरांतील जवळजवळ निम्मा सोरा भांड्याच्या तळाशी तसाच पडून राहत असावा. तरीही सुरईतील पाणी जमेस धरून तापमान बारा ते पंधरा अंशांनी उतरावे, असा अंदाज निघतो. आणि उत्तर हिंदुस्थानातील वैशाख-ज्येष्ठात एवढा उतार म्हणजे तृप्तीच म्हटली पाहिजे. आपल्याच शीतलतेने आपल्या विरघळण्याला आळा घालणे हा सोऱ्याचा गुण येथे लक्षात ठेवावा, कारण पुढे याच गुणाशी आपल्याला पुन्हा काम पडणार आहे.

ही उष्णता जाते कोठे, हे समजण्यासाठी सोऱ्यापेक्षा स्वयंपाकघरातील मीठ घेणे सोयीचे. मिठाच्या स्फटिकात सोडियमचे धन भाराचे आणि क्लोरीनचे ऋण भाराचे आयन एकाआड एक अशा काटेकोर रचनेने बसलेले असतात, आणि विरुद्ध भारांचे परस्परांविषयीचे आकर्षण इतके बळकट असते, की मीठ नुसत्या उष्णतेने वितळवायचे म्हटले तर ८०१ अंशांपर्यंत तापवावे लागते. असे असता तेच मीठ साध्या थंड पाण्यात दोन मिनिटांत दिसेनासे होते, ही घटना रोजच्या परिचयाने आपल्याला क्षुल्लक वाटत असली तरी विचार करणाऱ्याला ती स्तिमित करणारी आहे. पाण्याच्या रेणूची एक बाजू, जिकडे ऑक्सिजन असतो ती, किंचित ऋण आणि हायड्रोजनकडील बाजू किंचित धन असते. स्फटिकाच्या पृष्ठभागावरील सोडियमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू वळवून गोळा होतात, क्लोरीनच्या आयनाभोवती धन बाजू वळवून गोळा होतात, आणि अशा रीतीने एकेक आयन स्फटिकातून सुटून पाण्याच्या वेढ्यात प्रविष्ट होतो.

या व्यवहाराचा जमाखर्च असा. स्फटिकातील आयन एकमेकांपासून वेगळे करायला ऊर्जा खर्ची पडते; आणि सुटलेल्या आयनांना पाण्याचे रेणू बिलगतात तेव्हा, ज्याला शास्त्रज्ञ जलयोजन म्हणतात त्या क्रियेत, ऊर्जा जमेस येते. मिठाच्या बाबतीत दर ग्रॅममागे सुमारे ३,२०० कॅलरी खर्च होतात आणि जवळपास तितक्याच परत मिळतात. तूट राहते ती अवघी १६ कॅलरींची. ती तूट पाण्याच्या उष्णतेतून वसूल होते, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होते, पण इतके थोडे, की बोटाला ते सहसा कळत नाही. सोऱ्याच्या खात्यात ही तूट मोठी, ८२ कॅलरींची. नवसागराच्या खात्यात ६६ कॅलरींची. कॉस्टिक सोड्याचे उलट आहे: तेथे जमा खर्चाहून फार मोठी, आणि दर ग्रॅममागे शिल्लक राहिलेल्या २६६ कॅलरी पाण्याला मिळून ते हात लावता येणार नाही इतके तापते. म्हणजे थंडावा काय किंवा ऊब काय, दोन्ही अखेरची बाकी आहेत. त्यामागील उलाढाल कितीतरी पटींनी मोठी असते, आणि दोन प्रचंड रकमांमधील लहानशा फरकावर पाणी गार होणार की गरम, हे ठरते. कोणता पदार्थ कोणत्या बाजूला पडेल हे नुसत्या तर्काने सांगणे कठीण जाते आणि मोजूनच पाहावे लागते, त्याचे कारण हेच.

आता सोऱ्याच्या त्या गुणाकडे वळू. सोरा पूर्वी लोण्या मातीतून काढीत. जुन्या वस्त्यांतील, गोठ्यांच्या आसपासची पांढरी फुटलेली माती भोके पाडलेल्या भांड्यात भरून तिच्यावर पाणी ओतायचे, खाली ठिबकलेले पाणी उकळायचे आणि मग ते निवत ठेवायचे, ही रीत अबुल फज्लनेही दिली आहे. आणि कंपनी सरकारच्या काळी बिहार प्रांतातून जो सोरा जहाजे भरभरून विलायतेच्या दारूगोळ्यासाठी रवाना होई, तो याच पद्धतीने नोनिया लोक तयार करीत. त्या मातीच्या पाण्यात सोऱ्याबरोबर साधे मीठही उतरलेले असते, आणि ओलसर मीठमिश्रित सोऱ्याची दारू बंदुकीच्या कामाची नसते. मग दोन्ही वेगळे कसे करायचे? उकळत्या १०० भाग पाण्यात सोरा सुमारे २४५ भाग विरघळतो, तर २० अंशांच्या पाण्यात केवळ ३२ भाग. मीठ मात्र उकळत्या पाण्यात ३९ भाग आणि २० अंशांच्या पाण्यात ३६ भाग, म्हणजे जवळजवळ सारखेच. दोन्ही पदार्थ एकत्र असले म्हणजे हे आकडे थोडे बदलतात, परंतु मुख्य गोष्ट बदलत नाही: काहिलीत पाणी आटत असता मीठ तळाशी बसते, ते झाऱ्याने काढून टाकता येते, आणि वरचे पाणी रात्रभर निवू दिले की सकाळी लांबट, नितळ, काड्यांसारख्या स्फटिकांच्या रूपाने शेकडा ऐंशीहून अधिक सोरा बाहेर पडलेला दिसतो, तर मीठ पाण्यातच राहते.

सोऱ्याचे पाणी गार करणे आणि सोऱ्याचे असे शुद्ध होणे, या दोन गोष्टी एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत, आणि या लेखात वाचकांच्या मनावर ठसवावी असे मला जे वाटते ते हेच. हेन्री ल शातेलिए या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ साली जे तत्त्व मांडले, त्याचा येथे लागू पडणारा अर्थ असा, की जो पदार्थ विरघळताना उष्णता शोषतो तो पाणी तापवले असता अधिक विरघळतो, आणि जो विरघळताना उष्णता सोडतो तो पाणी तापवले असता कमी विरघळतो. सोऱ्याची तूट मोठी, म्हणून त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने चढते-उतरते. मिठाची तूट नगण्य, म्हणून त्याच्या विद्राव्यतेत उन्हाळ्या-हिवाळ्याने फरक पडत नाही. चुन्याची निवळी तिसऱ्या प्रकारात मोडते: चुना विरघळताना थोडी उष्णता सोडतो, आणि १०० भाग थंड पाण्यात ०.१७ भाग विरघळणारा चुना उकळत्या पाण्यात अर्ध्याहून कमी, ०.०७ भाग इतकाच राहतो. निवळी तापवली असता ती गढूळ होते ती त्यामुळे. या नियमाचा उपयोग करताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. हिशेबात धरायची उष्णता असते ती द्रावण संपृक्त होण्याच्या बेतात असताना विरघळणाऱ्या अखेरच्या कणाची; कोऱ्या पाण्यात पडणाऱ्या पहिल्या कणाची उष्णता धरली तर कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थाविषयी अनुमान चुकते, कारण तो प्रथम पाणी तापवत असला तरी तापमानाबरोबर त्याची विद्राव्यता वाढतच जाते.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरील मिठागरांचे सारे स्वरूपही मिठाच्या त्या सोळा कॅलरींवर बेतलेले आहे. मिठाची तूट सोऱ्याइतकी मोठी असती, तर खाऱ्या पाण्याचे दाट द्रावण हिवाळ्याच्या रात्री नुसते निवू दिल्याने मीठ हाती आले असते. पण ती तशी नाही, म्हणून पाणी वाफ करून उडवून देण्यावाचून गत्यंतर नसते. पावसाळा सरल्यावर उरण, पेण, वसई येथील मिठागरांत आणि गोव्यात आगरवाड्यास भरतीचे पाणी कप्प्याकप्प्यांतून खेळवतात. त्यातील क्षार मूळचे शेकडा साडेतीनच्या आसपास, आणि पाणी आटून सुमारे दशांश उरल्यावाचून मीठ धरत नाही. हे सगळे आटवण्याचे काम सूर्य आणि खारा वारा करतात. जळण लागत नाही, पण ऊन आणि वेळ भरपूर लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी सर आली तर तळाशी बसलेले मीठ पुन्हा विरघळून आगरी कुटुंबाचे कित्येक दिवसांचे श्रम पाण्यात जातात.

येथे एक शंका सहज उपस्थित होते, आणि एकोणिसाव्या शतकातील मोठमोठ्या रसायनज्ञांना तिने खरोखरच कोड्यात टाकले होते. ज्या व्यवहारात तूट आहे तो व्यवहार आपण होऊन घडतोच का? डेन्मार्कचा युलियुस थॉमसन आणि फ्रान्सचा मार्सेलँ बर्तलो, या उष्णतामापनात आयुष्य घालवलेल्या दोघांचेही मत असे होते, की रासायनिक क्रिया आपोआप घडते ती उष्णता बाहेर पडण्याच्या दिशेने. हजारो क्रियांच्या बाबतीत हा नियम बरोबर ठरतो, म्हणून तो पुष्कळ दिवस मान्य राहिला. परंतु सोरा आणि नवसागर तो रोज मोडीत होते. कोणी न सांगता, कोणी न तापवता, ते पाण्यात विरघळत होते आणि पाणी गार करीत होते. नियमाला बाधा आणणारी ही उदाहरणे अपवाद म्हणून बाजूला सारता येण्याजोगी नव्हती, आणि त्यांचा खुलासा झाला तो जर्मनीच्या क्लाउझियुसने १८६५ साली नाव दिलेल्या एन्ट्रॉपी या राशीमुळे. ऑस्ट्रियाच्या बोल्ट्झमनने पुढे तिचा अर्थ उलगडून दाखवला: एखाद्या स्थितीतील कण किती निरनिराळ्या प्रकारांनी मांडता येतात, याचे ते माप होय. स्फटिकात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली, पण द्रावणात तो भांडेभर कोठेही असू शकतो. मांडणीचे प्रकार कल्पनेपलीकडे वाढतात, आणि निसर्गाचा ओढा त्या वाढीकडे असतो. पाण्याचे रेणू आयनांभोवती जखडले गेल्याने काही स्वातंत्र्य कमीही होते, आणि काही क्षार पाण्यात विरघळतच नाहीत त्याचे एक कारण ते आहे. परंतु सोऱ्याच्या बाबतीत एकंदर वाढ इतकी भरीव असते, की ८२ कॅलरींची तूट सोसूनही विरघळणे पुरे होते. या वाढीचे वजन तापमानाबरोबर वाढत जाते, आणि तुटीत चालणारी क्रिया तापवल्याने अधिक जोमाने का चालते, याचा उगमही तेथेच आहे. बर्तलोचे मत मागे पडले, तरी त्याने आणि थॉमसनने जमवलेले आकडे टिकून राहिले. शास्त्राच्या इतिहासात अनुमाने मोडतात आणि मोजमापे उरतात, याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

मोरचूदाचा एक प्रयोग या संदर्भात मला विशेष आवडतो, कारण त्यात एकच पदार्थ दोन्ही बाजूंना वागताना दिसतो. मोरचूदाचे निळेभोर खडे परीक्षानळीत मंद आंचेवर तापवावे; थोड्याच वेळात नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे बारीक थेंब जमू लागतात, खड्यांचा निळा रंग कडांकडून फिका पडत जातो, आणि शेवटी तळाशी मळकट पांढरी पूड राहते. खड्याच्या रचनेतच पाण्याचे पाच रेणू एकेका कणामागे बांधलेले होते. ते उडून गेले. नळी पुरती निवली की त्या पांढऱ्या पुडीवर पाण्याचे चार थेंब टाकावे. पूड चुरचुरते, पाणी लागले तेथून निळा रंग फुटून पसरत जातो, आणि आत्ताच गार झालेली नळी बोटांना पुन्हा ऊन लागते. ही निर्जल पूड विरघळताना दर ग्रॅममागे सुमारे १०० कॅलरी सोडते, तर मूळचे निळे खडे विरघळताना सुमारे ११ कॅलरी शोषतात. पदार्थ एक, पाणी एक, परंतु खड्यातील आयनांना पाणी आधीच लाभलेले असल्याने त्या खात्यातील जमेचा मोठा भाग पूर्वीच वसूल होऊन गेलेला असतो. कॅल्शियम क्लोराईडचेही असेच आहे. निर्जल असता ते पाणी तापवते आणि स्फटिकजलासहित असता गार करते.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण तयार करतात तेव्हा एका पिंपात मोरचूद विरघळवतात आणि दुसऱ्यात चुनकळी विझवतात. पहिल्यात पाणी जेमतेम गार होते, दुसऱ्यात ते खदखदते. चुनकळीचे हे तापणे मात्र निव्वळ विरघळणे नव्हे. तेथे चुनकळी पाण्याशी संयोग पावून नवा पदार्थ बनतो, आणि त्या संयोगाची उष्णता, ग्रॅममागे पावणेतीनशे कॅलरींच्या आसपास, त्यात सामील असते. युरियाची फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला याच्या उलट अनुभव येतो. युरिया ग्रॅममागे सुमारे ६० कॅलरी शोषतो, त्यामुळे बादलीत दाट द्रावण करताना पाणी चांगलेच थंड होते, बादलीच्या बाहेरून दव धरते, आणि थंड पाण्यात विरघळण्याचा वेग मंदावल्याने गोळे तळाशी तसेच राहतात. ते राहिलेले गोळे युरिया खराब असल्याचे लक्षण नव्हे. थोडे कोमट पाणी घालून ढवळले की विरघळतात. खेळाडूंच्या मुरगळलेल्या घोट्यावर ठेवण्याच्या, दाबताच थंड होणाऱ्या पिशव्यांतही युरिया किंवा अमोनियम नायट्रेट आणि पाण्याची फुटणारी पुडी, एवढेच असते.

आइस्क्रीमच्या लाकडी पॉटात बर्फावर खडेमीठ घालतात, त्याचा उल्लेख या ठिकाणी पुष्कळजण करतात, पण तो येथे अप्रस्तुत आहे. मिठाच्या सोळा कॅलरींत दूध गोठणार नाही. मीठ बर्फाला शून्य अंशाखालीही वितळायला भाग पाडते, आणि वितळणारा बर्फ ग्रॅममागे ८० कॅलरी शोषतो, म्हणून पॉटातील मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. ते श्रेय मुख्यत्वे बर्फाचे आहे.

वायू पाण्यात विरघळतात तेव्हा मोडायला स्फटिकच नसतो, म्हणून तेथे बहुधा जमाच असते आणि पाणी तापले की वायू बाहेर पडतात. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो, ३० अंशांवर तो ७.६ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मा. उन्हाळ्यात आटत चाललेल्या तळ्यातील मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतात, त्यामागील कारणांत या आकड्याचाही वाटा असतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. विद्राव्यतेचा पाठ फळ्यावर तक्ता काढून शिकवला जातो आणि परीक्षेपुरता लक्षात राहतो; त्याऐवजी मुलांच्या हाती एक तापमापक आणि काचेचे तीन पेले द्यावेत, प्रत्येकात १०० ग्रॅम पाणी घ्यावे, आणि एकात मीठ, दुसऱ्यात नवसागर, तिसऱ्यात युरिया असे ३०-३० ग्रॅम टाकून, ढवळून, दर अर्ध्या मिनिटाला आकडा टिपून घ्यायला सांगावे. मिठाने दोन-अडीच अंशांचा उतार दाखवला आणि नवसागराने अठराच्या आसपास, तर प्रयोग नीट झाला असे समजावे. युरियाचा आकडा मुलांना आधी सांगू नये, त्यांनाच हिशेब करून काढू द्यावा. तीव्र गंधकाम्ल आणि कॉस्टिक सोडा मात्र या प्रयोगात मुलांच्या हाती देऊ नयेत. आणि शिक्षकांनी ते स्वतः दाखवताना नेहमी पाण्यातच आम्ल थेंबाथेंबाने सोडावे, आम्लावर पाणी कधीही ओतू नये, कारण सुटलेल्या उष्णतेने वरचे थोडे पाणी तत्काळ उकळून आम्लासकट तोंडावर उडते.